टपाल हशील ते घरपोच आकार : चिखलदऱ्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वऱ्हाडातील डाकव्यवस्थेचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः अमरावती, अकोला या कापसाच्या बाजारपेठांकडे व त्यांना जोडणाऱ्या लोहमार्गाकडे जाते. टपालाच्या दराचा खरा अर्थ मात्र लोहमार्ग संपतो तेथून पुढे कळू लागतो. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत सुमारे १,१०० मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा हे अशा ठिकाणांपैकी एक होय. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. परंतु तिच्या बडनेरा स्थानकावर उतरलेल्या वस्तूला अमरावती, परतवाडा व त्यापुढील घाट पार केल्यावाचून चिखलदरा गाठता येत नाही. या शेवटच्या टप्प्याचा खर्च कोणी द्यावयाचा आणि वाटेत वस्तू गहाळ झाल्यास तोटा कोणी सोसावयाचा, या दोन प्रश्नांची उत्तरे सुमारे पावणेदोनशे वर्षांत कशी बदलत गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अंतराचा आकार :
कंपनी सरकारच्या १८३७ च्या कायद्याने पत्रे वाहून नेण्याचा मक्ता सरकारकडे घेतला. दर अंतर व वजन या दोहोंवर अवलंबून असे. कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाच्या पत्रास एक रुपया, तर आग्र्यास बारा आणे पडत. अंतर आणि वजन या दोन्ही गोष्टी डाककचेरीच ठरवीत असल्याने आकारणी योग्य आहे की नाही, हे ताडून पाहण्याचे साधन सामान्य माणसापाशी नव्हते.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आला आणि पुढच्याच वर्षी, १ ऑक्टोबर १८५४ पासून, अखिल हिंदुस्थानासाठी तिकिटे व एकच दर अमलात आला. पाव तोळ्यास अर्धा आणा, मग पत्र शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर. एक तोळ्याच्या पत्राचा मुंबई-कलकत्ता दर सोळा आण्यांवरून दोन आण्यांवर आला. या सुधारणेचे श्रेय लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीस दिले जाते आणि तिचा संबंध व्यापारवृद्धीशी जोडला जातो. डोंगराळ भागाच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. घुंगरू लावलेला भाला घेऊन जंगलवाटेने धावणाऱ्या हरकाऱ्याचा खर्च पत्र घेणाऱ्याच्या माथी न मारता तो संपूर्ण व्यवस्थेवर विभागला गेला.

तिकीट न लावलेल्या पत्रावर मात्र दुप्पट हशील घेणाऱ्याकडून वसूल होई. मराठीत रूढ झालेला ‘नॉटपेड’ हा शब्द याच पत्रांचा. घेणाऱ्यास हा भुर्दंड अनपेक्षित असला तरी त्याचे प्रमाण जाहीर होते, आणि पत्र नाकारण्याचा हक्कही त्याला होता. पैसे वसूल व्हावयाचे असल्याने नॉटपेड पत्र अधिक काळजीने पोहोचविले जाते, असा एक समजही लोकांत होता. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

व्ही.पी.चा अनुभव :
१८७७ मध्ये व्हॅल्यू पेएबल पोस्ट सुरू झाले. वस्तू घरी यावी, किंमत पोस्टमनकडे द्यावी व ती विक्रेत्यास पोहोचावी, अशी ही सोय होती. १८८० पासून टपालखात्याकडे आलेल्या मनीऑर्डरीची तिला जोड मिळाली. ‘टपाल हशील निराळे’ ही जाहिरातीतील अक्षरे मराठी वाचकाच्या परिचयाची झाली ती याच काळात. औषधे, घड्याळे, ग्रंथ अशा जिनसा दूरच्या गावी पोहोचू लागल्या.

व्यवहारातील दोष रचनेतच होता. पैसे दिल्यावाचून पुडके उघडता येत नसे. आत काय आहे हे पैसे गेल्यावर कळे. उलट बाजूने, मागणी करून व्ही.पी. न सोडविणाऱ्या ग्राहकामुळे जाण्यायेण्याचे हशील विक्रेत्याच्या अंगावर पडे. मराठी प्रकाशकांना ‘परत आलेल्या व्ही.पी.’ची डोकेदुखी चांगलीच ठाऊक होती. न मागविलेली वस्तू पाठवून पैसे उकळण्याचा प्रकार कायदेकर्त्यांच्याही ध्यानात आलेला दिसतो. कारण १८९८ च्या भारतीय टपाल अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये, खरी मागणी आल्याचे निवेदन प्रेषकाकडून घेण्याची तरतूद आढळते. १९१२ च्या दुरुस्तीने फसवणुकीच्या प्रकरणी वसूल रक्कम रोखून ती ग्राहकास परत करण्याचीही वाट मोकळी झाली.

याच अधिनियमाचे कलम ६ मात्र ग्राहकाच्या विरोधात जाणारे होते. वस्तू हरवणे, चुकीच्या ठिकाणी जाणे, उशीर वा नुकसान होणे यांची जबाबदारी, स्पष्टपणे पत्करलेली नसल्यास, सरकारवर नव्हती. २०२३ चा टपाल कार्यालय अधिनियम १८ जून २०२४ पासून अमलात आला व जुना अधिनियम रद्द झाला. जबाबदारीतून सूट देण्याचे तत्त्व मात्र नव्या कायद्यातही कायम आहे.

कुरिअर आणि पिनकोड :
१९८० च्या दशकापासून पसरलेल्या खाजगी कुरिअर सेवांनी अंतराचा हिशेब पुन्हा पुढे आणला. अनेक कुरिअरांच्या दरपत्रकात दुर्गम पत्त्यासाठी अधिक आकार असतो. कित्येकदा पुडके जवळच्या मोठ्या गावी ठेवून ग्राहकालाच तेथे बोलाविले जाते. ठिकाण दुर्गम की सुगम हे ठरते पिनकोडवरून. संस्कृत नाटककार म्हणूनही ख्यात असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची ही योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली ती प्रत्येक गावास टपाल अचूक पोहोचावे म्हणून. चिखलदऱ्याचा ४४४८०७ हाच क्रमांक आता वाढीव आकाराचे निमित्त होऊ शकतो, हा इतिहासाचा विपर्यासच म्हणावा लागेल.

२०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार वितरण व हाताळणीचा आकार एकूण किमतीत आधीच दाखविणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ग्राहकास स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. चिखलदऱ्याच्या रहिवाशाला त्यामुळे कंपनीच्या शहरी न जाता अमरावतीच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारशुल्क नाही. परंतु तक्रारीस पुरावा लागतो. नॉटपेड पत्राच्या पाकिटावर येणे रकमेची खूण टपालकचेरी स्वतः उमटवीत असे. दारात तोंडी मागितलेल्या आणि रोख दिलेल्या रकमेचा असा कोणताही कागद ग्राहकाच्या हाती उरत नाही.