श्वेतपेशींची परिपक्वता आणि विकरे : मुंबईपासून सुरू होणारा एक इतिहास

ल्युकेमिया, म्हणजे रक्तकर्करोग, हा केवळ श्वेतपेशींची संख्या वाढण्याचा रोग नव्हे. तो अडून राहिलेल्या परिपक्वतेचाही रोग आहे. अस्थिमज्जेत जन्मलेली पेशी टप्प्याटप्प्याने प्रौढ होते आणि या वाटचालीत तिच्यातील विकरे, म्हणजेच एन्झाइमे, बदलत जातात. काही मावळतात, काही नव्याने उगवतात. बोरीसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांत या विषयाचा इतिहास सांगताना बहुधा १९४८ सालच्या बोस्टनपासून प्रारंभ केला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रारंभ वीस वर्षे मागे, मुंबईत शोधावयास हवा.

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स या ब्रिटिश संशोधिका गरोदर स्त्रियांतील घातक रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेच्या आश्रयाने हे काम चालले. कामा रुग्णालयाशीही त्यांचा संबंध होता. कापड गिरण्यांत राबणाऱ्या, निकृष्ट आहारावर जगणाऱ्या स्त्रियांत हा रोग विशेष दिसे. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, पण अपक्व राहिलेल्या असत. विल्स यांनी माकडांवर प्रयोग केले आणि यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारे स्वस्त मार्माइट, गुणकारी असल्याचे दाखविले. त्यांचा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील अज्ञात घटकास पुढे ‘विल्स घटक’ असे नाव मिळाले. ज्यांच्या आजारपणातून हे ज्ञान निष्पन्न झाले, त्या गिरणी कामगार स्त्रियांची नावे मात्र इतिहासाने नोंदविली नाहीत.

१९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून फोलिक आम्ल वेगळे करण्यात आले. विल्स यांचा घटक तो हाच, हे यथावकाश स्पष्ट झाले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे नेतृत्व आंध्रपुत्र येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. बोस्टनचे सिडनी फार्बर यांना ल्युकेमियाग्रस्त बालकांत या वर्गातील द्रव्यांनी रोग बळावतो असे वाटले. तेव्हा उलट विचार पुढे आला : फोलिक आम्लाची वाट अडवली तर? सुब्बारावांच्या चमूने तयार केलेले अमायनोप्टेरिन फार्बर यांनी वापरले. १९४८ च्या निबंधात १६ बालकांपैकी १० जणांत सुधारणा नोंदविली आहे. ती तात्पुरती होती, पण त्याआधी तेवढीही आशा नव्हती.

औषध नेमके कोठे आघात करते, याचे उत्तर १९५८ मध्ये मिळाले. डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे विकर फोलिक आम्लाला कार्यक्षम रूपात आणते. त्याविना डीएनए घडत नाही. अमायनोप्टेरिन आणि त्याचे भावंड मेथोट्रेक्सेट या विकराला घट्ट चिकटून बसतात. आपल्या विषयाचे मर्म येथे आहे. १९६० च्या दशकात जोसेफ बर्टिनो आणि सहकाऱ्यांना हे विकर तीव्र ल्युकेमियाच्या अपक्व पेशींत आढळले; निरोगी माणसाच्या प्रौढ श्वेतपेशींत ते मोजण्याइतकेही नव्हते. विभाजन थांबलेल्या पेशीला त्याची गरज उरत नाही. शिवाय मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णांच्या श्वेतपेशींत त्याचे प्रमाण वाढल्याचेही १९६२ मध्येच नोंदविले गेले होते.

पुढे विकरे ही पेशीचे वय सांगणारी खूणच ठरली. टर्मिनल ट्रान्सफरेज हे अपक्व लसिकापेशींचे विकर १९७३ मध्ये तीव्र ल्युकेमियाच्या पेशींत सापडले. दीर्घकालीन मज्जाजन्य ल्युकेमियात तर विलक्षण विसंगती दिसते : पेशी दिसावयास प्रौढ, परंतु त्यांतील अल्कलाइन फॉस्फेटेज अत्यल्प. रूप आणि रसायन नेहमी बरोबर चालत नाहीत. अडलेली पेशी पुन्हा परिपक्वतेच्या वाटेला लावता येते, हे शांघायच्या वैद्यांनी १९८८ मध्ये ल्युकेमियाच्या एका प्रकारात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या वर्गातील औषधाने दाखविले.

हाफकिन संस्थेप्रमाणेच टाटा स्मारक रुग्णालयही परळलाच आहे. तेथे, तसेच चेन्नई व दिल्ली येथे, १९८४ नंतर बालकांच्या तीव्र ल्युकेमियासाठी ‘एमसीपी ८४१’ ही उपचारपद्धती राबविली गेली. चार वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण २० टक्क्यांहून कमी होते, ते ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. याचे श्रेय अनेक औषधांना आणि सुधारलेल्या शुश्रूषेला आहे. त्या औषधांत मेथोट्रेक्सेटही होते.