जुन्या ताण्याची टोके

आमचा पिंप्राळा आता जळगाव शहराच्या पोटात गेला आहे. आषाढी एकादशीला विठोबाचा रथ निघतो, त्या दिवशी तेवढा तो पुन्हा गाव होतो. मी लहान असताना आमच्या आळीत एका घराच्या ओसरीवर जमिनीत खणलेला खड्डा होता, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारा हातमागावर बसत असे. पारोळ्याकडून केव्हातरी आलेला हा एकटा माणूस. आम्ही त्याला साळीबाबा म्हणत असू. शाळा सुटली की मी त्या ओसरीच्या पायरीवर जाऊन बसे. धोटा डावीकडून उजवीकडे जाई, पायाखालची पावडी दबे, फणीचा ठोका पडे. आणि त्या तीन आवाजांतून कापड वाढत जाई. कापड वाढताना डोळ्यांना दिसत नसे. पण थोडे इकडेतिकडे पाहून पुन्हा नजर वळवावी, तर बोटभर पुढे सरकलेले असे.

एकदा मी विचारले, “बाबा, एवढे धागे तुम्ही ओवता तरी कसे?”

ते हसले. म्हणाले, “तुले सांगून काय समजीन रे भाऊ? बसशीन तवा समजीन.”

मी बसलो नाही. तो विषय शेवटी येईलच. आज सांगावयाचे आहे ते आमच्या खानदेशच्या विणकामाबद्दल. कापसाच्या या मुलखात कापूस राहिला आणि विणणारा हात गेला, हे कसे घडले, हा प्रश्न त्या पायरीपासून माझ्या मागे लागला आहे.

खानदेशचे कापड एके काळी फार दूर जात असे. मोगलांच्या खानदेश सुभ्याची राजधानी बुऱ्हाणपूर; ते आता मध्य प्रदेशात आहे, पण रावेरच्या माणसाला अजूनही ते शेजारचेच वाटते. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या शहरातून गेला. तेथील तलम, जरीकाठी कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. सुरतेचा रस्ता याच मुलखातून जाई. म्हणून १६७४ साली इंग्रजांची वखार धरणगावात होती. दुसऱ्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने धरणगाव लुटले. लूट पडते ती भरलेल्या पेठेवर. धरणगावच्या भरभराटीला याहून निराळा दाखला शोधण्याचे कारण नाही.

इंग्रजी अमदानीतही हे वैभव एका दिवसात संपले नाही. जुनी गॅझेटिअरे चाळली, तर पारोळ्याच्या व्यापारात गुरे, कापूस आणि धान्य यांच्या बरोबरीने लुगड्यांचे नाव येते. फैजपूरची कीर्ती छापील कापडाची आणि गडद निळ्या व तांबड्या रंगाची. निळा रंग निळीचा. आणि तांबडा रंग त्या काळी दक्षिणेत बहुधा आलीच्या मुळांतून काढीत. कापूस शेतातला, रंग शेतातला, विणणारा गावातला. असा तो मेळ होता.

हा मेळ मोडला कशाने? आपल्या तोंडी एकच उत्तर असते: गिरणीने. ते खरे आहे. पण ते अर्धे आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. त्याच सुमारास आगगाडी खानदेशात आली. जळगाव हे लहानसे गाव कापसाची मोठी पेठ झाले ते तेव्हापासून. जो कापूस पूर्वी गावातल्या रहाटावर जाई, तो आता गठ्ठे बांधून मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागला. पुढे जळगावात, मग अमळनेरात गिरण्या निघाल्या. इकडे रंगाचेही तेच झाले. १८६९ साली युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेचा तांबडा रंग कृत्रिम रीतीने बनविला, आणि १८९७ साली कृत्रिम नीळ बाजारात आली. ज्या रंगासाठी शेतकऱ्याने आलीचे झाड वर्षानुवर्षे जोपासावयाचे, तो रंग डब्यातून मिळू लागला.

तथापि गिरणीने आधी मारला तो रहाट, माग नव्हे. हा फरक आपण विसरतो. गिरणीचे सूत सारखे आणि स्वस्त असल्यामुळे साळी, कोष्टी, मोमीन यांनी ते आपखुशीने घेतले आणि माग चालूच ठेवले. कातणारी बाई मात्र घरात रिकामी बसली. वीस नंबरच्या सुताच्या एका पौंडात १६,८०० वार धागा असतो. म्हणजे साडेनऊ मैल. एवढी वाट जी बाई चिमटीतून चालत होती, तिचे चालणे थांबले आणि त्याची कोठे नोंदही झाली नाही.

मग माग काही ठिकाणी का टिकला आणि काही ठिकाणी का बुडाला? माझ्या मते याचे दुसरे, न बोललेले उत्तर विद्येच्या देण्याघेण्यात आहे. येवल्याचे उदाहरण घ्या. तेथे रेशमी कापडाच्या धंद्याची मक्तेदारी काही घराण्यांकडे होती. १८६४ साली न्यायालयाच्या निकालाने ती मोडली. त्यानंतर इतर विणकर त्या धंद्यात मोकळेपणी शिरले, आणि येवल्याचा माग आजही वाजतो आहे. मालेगावात १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमिनांनी मोहल्लेच्या मोहल्ले या कामाला लावले; हातमाग जाऊन यंत्रमाग आला, पण विणकाम गेले नाही. उलट जेथे विद्या एकदोन घरांच्या उंबऱ्याआड राहिली, तेथे ते घर बसले की विद्याही बसली.

यात विणकराला दोष देण्याचा माझा हेतू नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याची विद्या हेच त्याचे शेत. ते शेत तो परक्याच्या नावे कसा करील? साबरमतीच्या आश्रमाचीच गोष्ट पाहा. ‘हिंद स्वराज्य’ लिहिले तेव्हा आपण माग किंवा चरखा पाहिल्याचे आठवत नाही, असे गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. आश्रमात माग आले, पण चालविणार कोण? पालनपूरहून एक कसबी माणूस आणला. पण त्यानेही आपली सगळी कला सांगितली नाही. अखेर मगनलाल गांधींनी स्वतःच्या हिकमतीने ती पुरी केली आणि एकामागून एक माणसे शिकवून तयार केली. चरख्याचा शोध तर त्याहून नवलाचा. गंगाबेन मजमुदार या बाईंना बडोदे संस्थानातल्या विजापुरात चरखे सापडले. ते घराघरांतून माळ्यावर पडले होते! पेळू मिळाले आणि सूत विकत घेणारा भेटला, तर कातावयाला बायका तयार होत्या. विद्या मेली नव्हती. तिला कोणी विचारले नव्हते.

ही विचारण्याची लाट खानदेशातही आली. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच. शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस आले आणि बांबू, चटया असल्या साध्या सामानातून त्यांनी टिळकनगर सजविले. धनाजी नाना चौधरींसारखे कार्यकर्ते राबले, अमळनेरची मास्तरकी सोडलेले साने गुरुजी राबले. २५ डिसेंबरला गांधीजींनी खादी-ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनात भाषण केले. हे सारे जेथे घडले, ते रंगाऱ्यांचे जुने गाव होते, याची आठवण त्या गर्दीत कितीजणांना झाली असेल, कोण जाणे. पुढल्याच वर्षी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून मूलोद्योगाची कल्पना निघाली, आणि टकळी शाळेत आली.

टकळी शाळेत आली आणि हळूहळू वेळापत्रकातला एक तास होऊन बसली. मी स्वतः मास्तर आहे, म्हणून हे सांगताना मला संकोच वाटतो. सूत मोजले गेले, गुण दिले गेले. पण सूत कशासाठी, त्याचे पुढे काय होते, हे मुलाला क्वचितच दिसले. हाताची विद्या हातातून हातात जाते, हजेरीपटातून जात नाही.

या ठिकाणी मला आमच्या बहिणाबाईंची आठवण होते. असोद्याला जन्मल्या, जळगावात नांदल्या, अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात गाणी म्हणाव्यात आणि ती वाऱ्यावर जावीत. मुलगा सोपानदेव आणि घरातला एक भाऊ यांनी त्यांतली काही टिपून घेतली. म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, ती महाराष्ट्राला मिळाली. त्याच काळात याच मुलखात किती बायका कातीत असतील, किती माणसे विणीत असतील! त्यांच्या घरी सोपान नव्हता, एवढाच फरक.

साळीबाबांच्या बाबतीत तो सोपान मी होऊ शकलो असतो. हे लिहिणे कठीण आहे, पण लिहिले पाहिजे. मी लिहू लागलो, माझ्या एका कादंबरीत मी खड्ड्यात पाय सोडून बसलेला विणकरही रंगविला. वाचकांना तो आवडला. त्यासाठी मी चाळीस पानांची वही घेऊन बाबांकडे गेलो होतो. मला हवे होते त्यांचे दुःख. ते मी दोन पानांत लिहून घेतले. खळ कशाची, किती दाट. ताणा किती लांबीचा. पावसाळ्यात धागा तुटू नये म्हणून काय करीत, हे मी विचारलेच नाही. पुढे बाबा गेले. त्यांच्या भाच्याने खड्डा बुजवून फरशी घातली. मागाची लाकडे कोणाच्या तरी न्हाणीघरातल्या बंबात गेली. वहीची अडतीस पाने कोरी आहेत.

त्यानंतर दोन सुट्ट्यांत मी येवल्याला गेलो आणि एका विणकराच्या शेजारी बसलो. उशिरा का होईना, बसलो. तेथे मला बाबांच्या हसण्याचा अर्थ कळला. छत्तीस इंच पन्ह्याचे कापड, इंचाला चाळीस धागे. म्हणजे चौदाशे चाळीस उभे धागे. ते दर वेळी फणीतून नव्याने ओवीत बसत नाहीत. कापड पुरे झाले, तरी जुन्या ताण्याची वीतभर टोके मागावर तशीच ठेवतात, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा त्या टोकाला पिळून जोडतात. याला सांधणी म्हणतात. मग नवा ताणा जुन्याच्या मागोमाग फणीतून आपोआप पार होतो. विणकराने घाईने सगळे कापून टाकले, तर पुढच्याला पहिल्या धाग्यापासून सुरुवात करावी लागते.

आमच्या खानदेशात तेच झाले, असे मला वाटते. कापड विकले गेले याचे दुःख नाही. टोके ठेवली नाहीत, याचे आहे.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर काही मुले थांबतात. पुठ्ठ्याच्या कडांना खाचा पाडून आम्ही दोरा ताणतो आणि सुईने आडवा धागा घालतो. ते कापड वाकडे होते, कडा आत ओढल्या जातात. मी जे शिकलो ते मुलांना सांगतो, आणि जे सांगता येत नाही ते शेजारी बसवून दाखवितो. सातवीतल्या एका मुलीने परवा विचारले, “सर, हे तुम्हाला कोणी शिकवलं?” मी येवल्याचे नाव सांगितले. मग थांबलो, आणि साळीबाबांची ती कोरी वही तिच्या हाती दिली. आपण काय केले, कोठे चुकले, ते तिसऱ्या पानापासून लिहावयाचे, असे ठरले आहे.