काफ्रियाल : एका पदार्थाचे नाव आणि त्यामागील माणसे

हिरव्या वाटणात मुरवून तेलात परतलेली ‘काफ्रियाल’ कोंबडी आज गोव्याची म्हणून ओळखली जाते. परंतु तिचे मूळ मोझांबिकमध्ये असल्याचे मानले जाते. १७५२ पर्यंत त्या प्रदेशाचा कारभार गोव्यातूनच चाले. पोर्तुगीज जहाजांतून आफ्रिकी शिपाई आणि गुलाम गोव्यात येत. गुलाम स्वेच्छेने आलेले नव्हते, तेव्हा त्यांना ‘स्थलांतरित’ म्हणताना जपावे लागते.

मोझांबिकमध्ये ही कोंबडी बहुधा निखाऱ्यांवर भाजतात. गोव्यात तिला कोथिंबीर, हिरवी मिरची, आले-लसूण, मिरी व लिंबाचे किंवा व्हिनेगरचे वाटण लागले आणि ती कढईत आली.

नावाची कथा अधिक बोचरी आहे. ‘काफिर’ हा अरबी शब्द मूलतः श्रद्धेविषयीचा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मुस्लिम व्यापाऱ्यांनी तो इस्लाम न स्वीकारलेल्या स्थानिकांना लावला. पोर्तुगीजांनी ‘काफ्रे’ असा उचलला, आणि धर्मवाचक शब्द वर्णवाचक झाला. पुढे दक्षिण आफ्रिकेत तो उघड शिवी ठरला. या प्रवासाचा पहिला टप्पा आपल्याच व्यापाऱ्यांचा होता, हे वर्गात सांगताना वगळू नये. पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी १८६९ मध्ये कायद्याने रद्द झाली. पदार्थाच्या नावात ‘काफ्रे’ मात्र राहिला.