एसी आणि डीसी जनित्रे : रचना आणि खर्च

विद्युत जनित्र म्हणजे यांत्रिक ऊर्जेपासून वीज तयार करणारे यंत्र. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन हा त्याचा पाया. तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले, की वेटोळ्यात विद्युत दाब निर्माण होतो. बाहेर मिळणारी वीज ठरावीक काळाने दिशा बदलत असेल तर ते प्रत्यावर्ती, म्हणजे एसी जनित्र. एकाच दिशेने वाहत असेल तर एकदिश, म्हणजे डीसी जनित्र. पण एवढ्याने दोहोंतला खरा फरक कळत नाही. एकध्रुवी जनित्रासारखा अपवाद सोडला, तर दोन्ही यंत्रांच्या वेटोळ्यांत तयार होते ती एसीच. डीसी जनित्रात ती बाहेर पडता पडता एका यांत्रिक युक्तीने एकदिश करून घेतात. ती युक्ती म्हणजे दिक्परिवर्तक, कारखान्यांतल्या बोलीत कम्युटेटर. दोन्ही जनित्रांच्या रचनेतला, वजनातला आणि किमतीतला बहुतेक फरक या एका भागापाशी येऊन ठेपतो.

कम्युटेटर हे तांब्याच्या पाचरीसारख्या पट्ट्यांचे नळकांडे असते. दर दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ थर घालून त्या एकमेकींपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीला आर्मेचरच्या, म्हणजे वीज तयार करणाऱ्या फिरत्या भागाच्या, वेटोळ्यांची टोके जोडलेली असतात. नळकांडे फिरते, त्यावर कार्बनचे ब्रश स्प्रिंगने दाबून धरलेले असतात. वेटोळ्यातल्या विजेची दिशा उलटते नेमक्या त्याच वेळी ब्रशखालची पट्टी बदलते, म्हणून बाहेरच्या मंडलात वीज एकाच दिशेने जात राहते. कल्पना सुंदर आहे, पण यंत्र मोठे होऊ लागले की अडचणी सुरू होतात. शेजारच्या दोन पट्ट्यांमधला दाब साधारण ३०-४० व्होल्टच्या पुढे गेला, तर ठिणगी एका पट्टीवरून दुसरीवर उडी घेत सबंध कम्युटेटरभोवती पसरू शकते. त्यामुळे दाब वाढवायचा तर पट्ट्या वाढवाव्या लागतात, पट्ट्या वाढल्या की व्यास वाढतो आणि व्यास वाढला की केंद्रोत्सारी बलामुळे वेगावर मर्यादा येते. म्हणूनच डीसी जनित्रे बहुधा काहीशे व्होल्टांची आणि क्वचितच दीड-दोन हजारांपुढची बनवली गेली. क्षमतेतही एक यंत्र काही मेगावॉटच्या पलीकडे नेणे परवडण्यासारखे राहत नाही.

ठिणग्या कमी ठेवण्यासाठी मुख्य ध्रुवांच्या मधोमध छोटे आंतरध्रुव बसवतात. मोठ्या यंत्रात ध्रुवांच्या तोंडाशी खाचा पाडून भरपाईची गुंडाळीही घालतात. या सगळ्याला जास्तीचे तांबे लागते आणि त्यातून वीज मात्र मिळत नाही. पुढे देखभाल असतेच. ब्रश झिजतात. त्यांची काळी भुकटी गुंडाळ्यांवर बसून निरोधन कमकुवत करते. पट्ट्यांचे तांबे झिजले की मधले अभ्रक वर डोकावते आणि ब्रश उडू लागतात; मग कम्युटेटर खरादावर घेऊन गुळगुळीत करायचा आणि पट्ट्यांमधले अभ्रक पुन्हा सुमारे एक मिलिमीटर खाली कोरून काढायचे. जाणता कारागीर कम्युटेटरच्या रंगावरूनच यंत्राची प्रकृती सांगतो. पृष्ठभागावर एकसारखी चॉकलेटी झाक असेल तर सारे ठीक. काळे पट्टे किंवा जळल्याच्या खुणा दिसल्या की ब्रशांचा दाब, त्यांची जागा किंवा एखादे तुटलेले वेटोळे तपासायला घ्यावे लागते. हे कौशल्य मोलाचे आहे. पण ज्या यंत्राला ते सतत लागते त्याचा चालवण्याचा खर्च कमी कसा राहणार?

एसी जनित्राला कम्युटेटर लागत नाही. शालेय पुस्तकांत दोन्ही जनित्रांची आकृती बहुधा सारखीच काढतात : चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारे वेटोळे, एकीकडे अखंड कड्या, म्हणजे स्लिप रिंग, दुसरीकडे दुभंगलेली कडी. तत्त्व समजायला हे पुरे, पण त्यामुळे एसी जनित्राचा सर्वांत मोठा फायदा विद्यार्थ्याच्या नजरेआड राहतो. प्रत्यक्षातल्या जवळजवळ सर्व मोठ्या एसी जनित्रांत वेटोळे फिरतच नाही. वीज तयार करणारी गुंडाळी बाहेरच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये असते आणि आत चुंबक फिरतो. इपोलित पिक्सी यांनी १८३२ मध्ये पॅरिसमध्ये बनवलेल्या हाताने फिरवायच्या पहिल्या जनित्रातही नालाकृती चुंबकच फिरत असे. मिळणारी वीज उलटसुलट दिशेची निघाली, आणि तेव्हा सगळ्यांना विद्युत घटांच्या एकदिश विजेची सवय असल्याने भौतिकशास्त्रज्ञ आंपेर यांच्या सूचनेवरून पिक्सी यांनी यंत्राला कम्युटेटर जोडला. डीसी जनित्रात मात्र पुढे आर्मेचर फिरते ठेवणे हाच रिवाज झाला, कारण ब्रश स्थिर ठेवायचे तर कम्युटेटर फिरायला हवा आणि त्याला जोडलेली गुंडाळीही त्याच्याबरोबर फिरायला हवी.

गुंडाळी स्थिर ठेवल्याने किती फरक पडतो, ते औष्णिक केंद्रातल्या ५०० मेगावॉटच्या संचावरून कळते. त्याचा रोटर, म्हणजे आतला फिरता चुंबक, मिनिटाला ३,००० फेरे घेतो. स्टेटरमधून २१ हजार व्होल्ट दाबाने सुमारे १६ हजार अँपिअर वीज बाहेर पडते आणि ती जाते पक्क्या जोडलेल्या जाड वाहकांतून. वाटेत घासणारा एकही सांधा नाही. स्टेटर हलत नसल्याने त्याच्या गुंडाळीला जाड निरोधन देता येते, पोकळ तांब्यातून पाणी खेळवून ती थंड ठेवता येते. फिरत्या भागाला लागते ती फक्त चुंबक जागा ठेवणारी डीसी, तीही तुलनेने कमी दाबाची. पूर्वी ही उत्तेजनाची वीज त्याच दांड्यावर बसवलेल्या छोट्या डीसी जनित्राकडून घेत आणि दोन स्लिप रिंगांमधून रोटरला देत. आता पुष्कळ यंत्रांत छोटे एसी जनित्र आणि दांड्याबरोबर फिरणारे, वीज एकाच दिशेने जाऊ देणारे डायोड हे काम करतात. तेथे ब्रश आणि स्लिप रिंगही उरत नाहीत. इतक्या क्षमतेचा आणि वेगाचा कम्युटेटर कोणी बनवू शकले नसते.

खर्चाचा हिशेब यंत्राबरोबर संपत नाही, तारांचाही खर्च त्यात धरावा लागतो. १,००० किलोवॉट वीज २४० व्होल्टने डीसी पाठवायची तर ४,००० हून अधिक अँपिअर लागतात. तीच ११ हजार व्होल्टच्या तीन फेजमधून, शक्तिगुणांक (पॉवर फॅक्टर) एक धरला, तर प्रत्येक तारेत सुमारे ५२ अँपिअर येतात. तारेतला उष्णतेचा ऱ्हास प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून कमी दाबाने लांब वीज नेणे म्हणजे तांब्यात पैसा घालून तो तापवणे. एडिसन यांचे न्यूयॉर्कमधले पर्ल स्ट्रीट केंद्र १८८२ मध्ये ११० व्होल्ट डीसीवर सुरू झाले, पण त्या पद्धतीत ग्राहक केंद्राच्या दीड-दोन किलोमीटरच्या आतच असावे लागत. एसीचा दाब मात्र रोहित्राने हवा तसा चढवता-उतरवता येतो, आणि रोहित्रात फिरणारा भागच नसतो. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफन ते फ्रँकफुर्ट हे सुमारे १७५ किलोमीटरचे अंतर तीन फेजच्या विजेने पार केले. लाउफनच्या जनित्रातून दर फेजला जेमतेम ५५ व्होल्ट निघत होते. ते रोहित्राने १५ हजार व्होल्टपर्यंत चढवले होते. जनित्र कमी दाबाचे आणि वाहिनी उच्च दाबाची ठेवता आल्याने दोन्हींचा खर्च आवाक्यात आला.

डीसी जनित्रांनी लांबवर वीज नेण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. स्विस अभियंता रने त्यूरी यांनी अनेक डीसी जनित्रे एकापुढे एक जोडून दाब वाढवला. फ्रान्समध्ये मूतिये ते लियाँ ही त्यांची वाहिनी १९०६ पासून तीसएक वर्षे चालली. पण त्यासाठी यंत्रे जमिनीपासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवावी लागत आणि दर यंत्रामागे कम्युटेटर सांभाळावा लागे. ही पद्धत इतकी वर्षे टिकली याचे श्रेय त्यूरींच्या कारागिरीला द्यायला हवे.

काही कामांत डीसी जनित्र खरोखर सरस होते. बॅटरी चार्ज करणे, धातूंवर मुलामा चढवणे, वेल्डिंग, खाणीतले पाळणे, पोलाद लाटण्याच्या गिरण्या ही ती कामे. उत्तेजनाचा प्रवाह थोडा बदलला की दाब हवा तसा मिळतो आणि त्या दाबाने मोटरचा वेग अगदी नाजूकपणे सांभाळता येतो. यंत्रे समांतर जोडताना वारंवारता आणि फेज जुळवण्याची कसरत नसते, नुसता दाब जुळला की पुरे. वेग कमी-जास्त झाला तरी वारंवारता बिघडायची भीती नाही. एसी संचात मात्र ५० हर्ट्झसाठी चार ध्रुवांचे यंत्र नेमके १,५०० फेऱ्यांवर ठेवावे लागते. डीसीत शक्तिगुणांकाचाही प्रश्न नाही. सोसायटीसाठी १०० केव्हीएचा एसी जनरेटर घेणाऱ्याला मात्र ०.८ शक्तिगुणांकावर ८० किलोवॉटच मिळतात, आणि ही गोष्ट दरपत्रक वाचताना ध्यानात ठेवलेली बरी.

डीसी जनित्राची ही जागा सिलिकॉनच्या डायोडने घेतली. मोटारगाडीच्या इंजिनाला लावलेले यंत्र हे त्याचे घरोघरचे उदाहरण. जुन्या गाड्यांत डायनामो असे, म्हणजे कम्युटेटरचे डीसी जनित्र. इंजिन मंद चालत असताना, सिग्नलला गाडी उभी असताना, तो बॅटरी जवळजवळ चार्ज करत नसे. वेगाने फिरवावा तर कम्युटेटर सोसत नसे. शिवाय तयार होणारी सगळी वीज ब्रशांतून जाई. अमेरिकेत क्रायसलरने १९६० पासून अल्टरनेटर वापरात आणला आणि हळूहळू जगभर तोच रूढ झाला. त्यात ब्रशांमधून जातात ते उत्तेजनाचे दोन-चार अँपिअर. बाकीची वीज स्थिर गुंडाळीतून निघून सहा डायोडांमधून डीसी होते. रोटर दणकट असल्याने छोटी पुली लावून तो इंजिनाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरवता येतो, म्हणून मंद इंजिनावरही चार्जिंग होते. बॅटरीची वीज उलट वाहू नये म्हणून डायनामोला वेगळा कटआउट लागे, तेही काम डायोडच करतात. वजन कमी, तांबे कमी, दुरुस्ती कमी. रेल्वेच्या डब्यांखाली चाकाच्या आसावर चालणाऱ्या डायनामोंची जागाही पुढे अशाच अल्टरनेटरांनी घेतली.

डीसी जनित्र मागे पडले म्हणून डीसी वीजच हरली असे समजणे चूक ठरेल. मुंबईची उपनगरी गाडी १९२५ पासून १,५०० व्होल्ट डीसीवर धावली, पण ती वीजही उपकेंद्रात एसीपासून करून घ्यावी लागत होती. २०१६ पर्यंत तो सगळा मार्ग २५ हजार व्होल्ट एसीवर आला. उलट चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची वाहिनी १९९९ पासून ±५०० किलोव्होल्ट डीसीवर १,५०० मेगावॉटपर्यंत वीज वाहून नेते. लांबच्या अंतराला डीसीच्या तारा स्वस्त पडतात, कारण तीनऐवजी दोनच वाहक पुरतात. चंद्रपूरला वीज तयार होते ती एसी जनित्रांतच. तिचे डीसी करण्याचे काम थायरिस्टर नावाची अर्धवाहक साधने करतात आणि पडघ्याला तशीच साधने तिचे पुन्हा एसी करून देतात.