जपानप्रवासाची पूर्वतयारी

जपान हा परक्या प्रवाशासाठी अतिशय सुरक्षित आणि सोयीचा देश आहे. रेल्वे वेळेवर धावते, हरवलेली वस्तू बहुधा परत मिळते, रात्री एकट्याने फिरताना भीती वाटत नाही. मात्र ही सगळी सोय आधी ठरवलेल्या गोष्टींवर उभी असते. ‘तिथे गेल्यावर बघू’ ही सवय युरोपात किंवा आग्नेय आशियात कशीबशी निभावते. जपानमध्ये ती महागात पडते, कारण तेथील कर्मचारी कितीही नम्र असला तरी ऐनवेळी नियमाला बगल देत नाही. भारतातून निघणाऱ्या प्रवाशाने म्हणूनच औषधे आणि आहार या दोन बाबींकडे सर्वांत आधी लक्ष द्यावे. प्रत्यक्षात त्यांचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो.

प्रवासाचा काळ ठरवताना महाराष्ट्रातील शाळांच्या सुट्या आणि जपानचे ऋतू यांचा मेळ सहज बसत नाही. टोकियो आणि क्योतो येथे साकुरा म्हणजे चेरीचा बहर साधारणपणे मार्चच्या अखेरीस ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो आणि तेव्हा इकडे परीक्षा चालू असतात. उन्हाळी सुटी लागेपर्यंत तो बहर उत्तरेकडे सरकलेला असतो; एप्रिलच्या शेवटी तो आओमोरी प्रांतात आणि होक्काइदो बेटावर पाहायला मिळतो. २९ एप्रिल ते ५ मे या काळात अनेक राष्ट्रीय सुट्या येतात. ‘गोल्डन वीक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दिवसांत सारा देश प्रवासाला निघतो, हॉटेलांचे दर चढतात आणि गाड्या भरून धावतात. तो आठवडा संपल्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ सर्वांत सुखकर असतो आणि मराठी कुटुंबांना सोयीचाही पडतो. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत बहुतेक भागांत पावसाळा असतो, होक्काइदो त्याला अपवाद. जुलै-ऑगस्टमधला दमट उकाडा मुंबईकरालाही जड जावा असा असतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन या पितृस्मरणाच्या सणामुळे पुन्हा गर्दी उसळते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टायफून वादळांची शक्यता असते. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांना हवा उत्तम लाभते. क्योतोतील मेपलची पाने मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धात लाल होतात. जपानची वेळ भारताच्या साडेतीन तास पुढे असते.

भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठीही आगाऊ व्हिसा लागतो. अर्जासोबत आर्थिक स्थितीचे पुरावे आणि दिवसवार प्रवासाचा आराखडा द्यावा लागतो. कोणत्या तारखेला कोणत्या गावी आणि कोठे मुक्काम, हे त्यात लिहायचे असते. त्यामुळे व्हिसाची तयारी म्हणजे एका अर्थी सहलीचीच आखणी ठरते, आणि ती मन लावून केल्यास पुढची बरीच कामे हलकी होतात. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना एकवेळ प्रवेशाचा पर्यटक व्हिसा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिला जातो. पासपोर्टवर स्टिकर लागत नाही. हा व्हिसा विमानतळावर मोबाइलच्या पडद्यावर, इंटरनेट चालू ठेवून, मूळ संकेतस्थळावरूनच दाखवावा लागतो. त्याची छापील प्रत, पीडीएफ किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. निघण्याआधी फोनमध्ये डेटा चालू राहील याची खात्री करून घेणे त्यामुळे आवश्यक असते. ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी सेवेवर आगमन आणि सीमाशुल्काची माहिती घरूनच भरून ठेवली, तर उतरल्यावरचा वेळ वाचतो.

औषधांबाबत जपानचा कायदा कडक आहे आणि अज्ञान ही सबब तेथे ऐकून घेतली जात नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधे एका महिन्यापुरती आणि चिठ्ठीविना मिळणारी दोन महिन्यांपुरती नेता येतात. त्याहून जास्त साठा न्यायचा असल्यास ‘युन्यु काकुनिन शो’ हे आयात-प्रमाणपत्र निघण्यापूर्वी जपानच्या आरोग्य खात्याकडून मिळवावे लागते. इन्सुलिनसारख्या, स्वतः टोचून घ्यायच्या औषधांनाही एका महिन्याची मर्यादा आहे. अ‍ॅम्फेटामिन असलेली औषधे, ती डॉक्टरांनी लिहून दिलेली असली तरी, पूर्णपणे निषिद्ध आहेत. सर्दीच्या गोळ्यांत सापडणारे स्यूडोएफेड्रिन दहा टक्क्यांहून जास्त असेल तर ती गोळी नेता येत नाही. कोडीनचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त असलेली खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधे अमली पदार्थांत मोडतात आणि त्यांना आगाऊ परवानगी लागते. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्यांनाही प्रमाणाची मर्यादा आहे.

भारतीय घरांतल्या औषधांच्या डब्यात अशा गोळ्या सहज असतात. पट्टी अर्धी कापलेली, नाव फाटलेले, चिठ्ठी केव्हाच हरवलेली, अशी औषधे बॅगेत टाकण्याची सवय या प्रवासापुरती तरी सोडली पाहिजे. प्रत्येक औषध मूळ वेष्टनात असावे. सोबत डॉक्टरांचे इंग्रजी पत्र असावे आणि त्यात औषधाचे रासायनिक नाव लिहिलेले असावे, कारण भारतीय कंपन्यांची व्यापारी नावे जपानी औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरला काहीच सांगत नाहीत. आयुर्वेदिक औषधांच्या घटकांची यादीही वाचून घ्यावी. भांगेचा अंश असलेले कोणतेही चूर्ण वा गोळी नेऊ नये. डिसेंबर २०२४ पासून जपानमध्ये गांजावर्गीय पदार्थाचे सेवन हाही स्वतंत्र गुन्हा झाला आहे.

खाद्यपदार्थ नेण्याचे नियमही याच जातीचे आहेत. मांस आणि मांसाचे पदार्थ तपासणीच्या प्रमाणपत्राविना नेता येत नाहीत. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, कच्ची कडधान्ये यांना वनस्पती-आरोग्याचे प्रमाणपत्र लागते, आणि साध्या प्रवाशाकडे ते नसतेच. मे महिन्यात नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह आवरावा. जपानने भारतीय आंब्याला २००६ मध्ये दार उघडले ते फळमाशी मारणारी बाष्पप्रक्रिया केलेल्या व्यापारी मालासाठी. हातातल्या पेटीसाठी नव्हे. चकली, शंकरपाळे, भाकरवडी असे तळलेले कोरडे शाकाहारी पदार्थ नेण्यास अडचण येत नाही. शंका असेल तर पदार्थ सीमाशुल्क अधिकाऱ्याला स्वतःहून दाखवावा.

शाकाहारी प्रवाशाची जपानमध्ये उपासमार होत नाही, पण त्याला जाणतेपणाने खावे लागते. अडचणीचे मूळ ‘दाशी’ या सत्त्वपाण्यात आहे. जपानी स्वयंपाकाची चव बहुतांशी त्यावर उभी असते आणि ते सामान्यतः कोम्बू हे समुद्रशैवाल व कात्सुओबुशी म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस यांपासून बनते. मिसोचे सूप, उदोन आणि सोबा या शेवयांचा रस्सा, तेम्पुरासोबतचे बुडवण, उकडलेल्या भाज्या, इनारी सुशीतील तोफूची पिशवी यांत मासा दिसत नाही, पण असतो. ‘मांस नको’ असे सांगितल्यावर वाढपी पानातून मांसाचे तुकडे वगळतो. रस्सा माशाचा आहे हे त्याच्या मनातही येत नाही, आणि यात फसवणूक मुळीच नसते. यावर उपाय म्हणजे मांस, मासे, अंडी आणि कात्सुओबुशीची दाशी चालत नाही असे नावानिशी लिहिलेले जपानी भाषेतील कार्ड. ते घरूनच तयार करून न्यावे आणि प्रत्येक ठिकाणी दाखवावे. इंग्रजीत ‘व्हेजिटेरियन’ म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

निर्धोक जेवणाची परंपराही जपानमध्येच आहे. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्योरी’ हा आहार मांस-मासे तर वर्ज्य करतोच, शिवाय परंपरेने कांदा-लसूणही टाळतो. त्याची दाशी कोम्बू आणि शिइताके अळिंबीची असते. वाकायामा प्रांतातील कोयासान या शिंगोन पंथाच्या पर्वतावर अनेक मठांत मुक्कामाची सोय असून तेथे हे जेवण मिळते. जैन प्रवाशांना यात कंदमुळे असू शकतात हे लक्षात ठेवावे लागेल. एरवी गल्लोगल्ली असलेल्या ‘कोन्बिनी’ दुकानांत उमेबोशी म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा ओनिगिरी (भाताचा गोळा), फळे आणि साधा भात मिळतो. मोठ्या शहरांत भारतीय आणि नेपाळी लोकांची उपाहारगृहे भरपूर आहेत. टोकियोच्या एदोगावा प्रभागातील निशी-कासाई भागात तर भारतीयांची मोठी वस्ती आणि किराणा दुकाने आहेत. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये या प्रभागाच्या परिषदेवर निवडून आले होते. मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

पैशांच्या बाबतीत, कार्डे आता शहरांत सर्रास चालतात, पण लहान उपाहारगृहे, देवळे आणि खेड्यांतील बस यांसाठी रोख येन जवळ हवेत. परदेशी कार्डावर पैसे देणारी यंत्रे सेव्हन-इलेव्हन दुकानांत आणि टपाल कार्यालयांत हमखास सापडतात. कार्डाचा परदेशी वापर बँकेकडून आधी चालू करून घ्यावा आणि ओटीपी येत राहावा यासाठी भारतीय सिमचे रोमिंग बंद करू नये. जुलै २०२४ पासून नव्या नोटा चलनात आल्या असल्या तरी जुन्याही वैध आहेत. बक्षिशी देण्याची पद्धत नाही. टेबलावर ठेवलेले पैसे परत करायला वाढपी रस्त्यापर्यंत धावत येऊ शकतो.

रेल्वेचा ‘जपान रेल पास’ आधीच घेतला पाहिजे, हा समज आता जुना झाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योतो शिंकान्सेन या अतिवेगवान गाडीचे एका बाजूचे तिकीट सुमारे १४,००० येन पडते, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यासाठी पास तोट्याचाच. अनेक लांबचे पल्ले एकाच आठवड्यात गाठायचे असतील तरच हिशेब करून तो घ्यावा, नाहीतर प्रादेशिक पास पाहावेत. शहरांतील गाड्या-बसना सुइका, इकोका यांसारखे पैसे भरलेले कार्ड पुरते. तोकाइदो, सान्यो आणि क्यूशू शिंकान्सेनवर लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी विशिष्ट आसन आधी राखून ठेवावे लागते. त्याला जादा पैसे पडत नाहीत. याहून सोपा मार्ग म्हणजे ‘ताक्क्यूबिन’ ही सामान पोहोचवणारी सेवा. एका हॉटेलातून बॅग सोपवली की ती बहुधा दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉटेलात हजर असते. वृद्ध आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी या सेवेचा लाभ अवश्य घ्यावा, कारण स्थानकांतील चालणे फार असते. बहुतेक गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास थांबतात. नारिता विमानतळ टोकियोच्या मध्यापासून सुमारे ६० किलोमीटर दूर आहे, तर हानेदा शहरातच आहे. रात्री उशिरा उतरणाऱ्याने हा फरक तिकीट काढतानाच पाहावा.

विजेचा दाब १०० व्होल्ट असून प्लगला दोन चपट्या पट्ट्या असतात. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर साध्या अडॅप्टरने चालतात. भारतातली किटली किंवा इस्त्री मात्र नीट तापत नाही.

घरात, मठात आणि कित्येक उपाहारगृहांत बूट काढावे लागतात. म्हणून सहज निघणारे बूट आणि न फाटलेले मोजे न्यावेत. ताटामीच्या चटईवर सपाताही चालत नाहीत. ओन्सेन म्हणजे गरम पाण्याच्या कुंडात शरीर आधी स्वच्छ धुऊन, विवस्त्र उतरायचे असते. स्त्री-पुरुषांचे विभाग सहसा वेगळे असतात. अंगावर गोंदलेले असल्यास अनेक ठिकाणी प्रवेश मिळत नाही. मराठी घरांतील आजीच्या हातावरचे पारंपरिक गोंदणही त्यात धरले जाऊ शकते, तेव्हा आधी विचारावे किंवा खासगी कुंड घ्यावे. रस्त्यावर कचरापेट्या फारशा नसतात, म्हणून कचऱ्यासाठी एक पिशवी आणि हात पुसायला छोटा रुमाल जवळ ठेवावा. आगगाडीत फोनवर बोलणे टाळावे.

भूकंपाची तयारी हा जपानी जीवनाचा भाग आहे आणि पाहुण्यालाही ती करावी लागते. तेथील बातम्यांत भूकंपाची ‘शिन्दो’ ही तीव्रता सांगितली जाते. ती ० ते ७ अशी असून त्या त्या जागी जमीन किती हादरली हे दाखवते; तिची गल्लत रिश्टर मापनाशी करू नये. ‘सेफ्टी टिप्स’ हे अ‍ॅप निघण्यापूर्वीच फोनवर घ्यावे. त्यावर इंग्रजीत इशारे मिळतात. हॉटेलात पोहोचताच दाराच्या मागचा निर्गमनाचा नकाशा पाहावा. किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा बराच वेळ टिकणारा धक्का बसला, तर इशाऱ्याची वाट न पाहता उंच जागी जावे. पोलिसांसाठी ११० आणि आग किंवा रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक आहेत. वैद्यकीय विमा घेतल्याशिवाय जाऊ नये: उपचारांचा खर्च मोठा असतो आणि रुग्णालयाचे बिल थकवणाऱ्या परदेशी व्यक्तीला पुढच्या वेळी प्रवेश नाकारला जाऊ शकतो. मूळ पासपोर्ट सतत अंगावर बाळगणे पर्यटकाला कायद्याने बंधनकारक आहे. तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून केवळ छायाप्रत घेऊन फिरणे चालत नाही, आणि यासाठी १,००,००० येनपर्यंत दंड होऊ शकतो.