मोहोरबंद पेटीची कुळकथा

निजामी अमदानीच्या दफ्तराची भाषा ज्या बीड जिल्ह्यातील कचेऱ्यांतून अद्याप पुरती निवृत्त झालेली नाही, तेथे मुद्देमाल, पंचनामा, जबानी हे शब्द निरक्षर माणसासही ठाऊक असतात. परंतु बलात्कारित स्त्रीच्या देहावरील पुरावा ज्या पेटीत मोहोरबंद होऊन प्रयोगशाळेकडे रवाना होतो, त्या पेटीचे कुळमूळ विचारणारे विरळाच.

तिचे पूर्वज ग्रंथांत आढळतात. मुंबई सरकारचे रासायनिक विश्लेषक आयसिडोर लायन यांनी १८८९ मध्ये हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचा ग्रंथ सिद्ध केला. १९२० मध्ये जयसिंग मोदी यांचा ग्रंथ आला आणि तो पिढ्यानपिढ्या विद्यार्थ्यांच्या हाती राहिला. या परंपरेने डागांची परीक्षा करण्याची शिस्त दिली, हे निर्विवाद; परंतु स्त्रीच्या फिर्यादीकडे प्रथम संशयाने पाहण्याची खोडही तिनेच जोपासली.

त्या खोडीचे फळ १९७२ साली दिसले. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, दुसऱ्या दिवशी सायंकाळी डॉक्टरांनी तिला तपासले, देहावर जखम आढळली नाही, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जखमांच्या त्या अभावातून संमतीचे अनुमान काढून आरोपी शिपायांना निर्दोष सोडले. भयाने गोठलेला देह प्रतिकार करीत नाही, एवढी साधी गोष्ट त्या न्यायशास्त्राला उमगली नव्हती. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांस खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन उसळले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

योगायोग असा, की त्याच १९७८ साली शिकागो शहरात मार्टी गॉडार्ड या कार्यकर्तीच्या खटपटीतून पुराव्याची पहिली प्रमाणित पेटी रुग्णालयांत पोहोचली. काचपट्ट्या, कापूस लावलेल्या काड्या, कंगवा, पाकिटे आणि सूचनांचा कागद एवढाच तिचा ऐवज. तरी नाव मात्र लुई विटुलो या पोलीस अधिकाऱ्याचे पडले. बाईच्या कल्पनेवर पुरुषाची मोहोर उमटण्याचा हा काही एकमेव दाखला नव्हे.

आपल्याकडे मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरीस अशी पेटी सिद्ध केली. परंतु केवळ पुरावा गोळा करून भागत नाही, हे ओळखून २००८ मध्ये तिने महानगरपालिकेच्या तीन रुग्णालयांत उपचार, समुपदेशन आणि तपासणी यांची एकत्र घडी बसविली. पेटीच्या इतिहासातील खरी क्रांती माझ्या मते हीच होय. पुढे २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शिका काढून योनीत बोटे घालून करावयाची अपमानास्पद ‘दोन बोटांची चाचणी’ त्याज्य ठरविली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा निक्षून निषिद्ध केली.

दिवाळीनंतर कोयता घेऊन ज्या बीडमधील सहस्रावधी कुटुंबे परजिल्ह्यातील उसाच्या फडांवर उतरतात, तेथील स्त्रीने तर हे विशेष ध्यानी ठेवावे, की गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि उपचार कोणत्याही रुग्णालयात मिळाले पाहिजेत. मग ते बीडचे जिल्हा रुग्णालय असो, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय असो की कारखान्याजवळील खाजगी दवाखाना. अत्याचारानंतर तपासणी होईपर्यंत शक्यतो स्नान करू नये, वस्त्रे धुऊ नयेत. ओली वस्त्रे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावीत, कारण प्लास्टिकमध्ये ओलावा कोंडून पुरावा कुजतो. मात्र स्नान झाले म्हणून दवाखाना टाळू नये. देहावरील नमुने सुमारे ९६ तासांपर्यंत घेतले जातात. एचआयव्हीप्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते, आणि गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर तितकी गुणकारी. तपासणीस तिची संमती हवी. ती तपासणीस नकार देऊनही उपचार घेऊ शकते.

रुग्णालय पोलिसांस खबर देते, पण फिर्याद नाही या सबबीवर तिला दारातून परतवू शकत नाही. हे उपचार विनामूल्य आहेत, आणि ते नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखास, ते सरकारी असो वा खाजगी, एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.