आगबोटीवरचा पंक्तिप्रपंच

लोणी भापकरचा माणूस महासागरी आगबोटींच्या भोजनगृहांवर व्याख्यान देणार, हे कळल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "तुमच्या जिरायत भागात बोट चालवणार कशावर?" प्रश्न रास्त आहे. आमच्या गावी पाण्याचे नाव घ्यायचे तर जुन्या दगडी पुष्करणीचे. पण आम्ही उभा जन्म कामगारांच्या संघटनेत काढला. कोण कोणाबरोबर जेवतो, कोण आधी जेवतो आणि कोण वाढतो, हे पाहण्याची खोड आम्हांला त्यातून लागली. शाळा लवकर सुटली, तेव्हा पुस्तकेही आम्ही त्याच नजरेने वाचली. पंगतीत तुपाची धार एकाच्या पानात मोठी आणि दुसऱ्याच्या पानात बारीक पडली, तर आपण त्याला पंक्तिप्रपंच म्हणतो. आजचा विषय तोच आहे. फक्त पंगत पाण्यावर आहे.

मुंबईहून विलायतेला जायचे म्हणजे पी. अँड ओ. कंपनीच्या टपालबोटीने, असा एक काळ होता. त्या कंपनीने १९२९ साली 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' ही बोट मुंबईच्या मार्गावर आणली. पहिल्या वर्गाचे ४१५ उतारू आणि दुसऱ्या वर्गाचे २५८. तिच्या दालनांची सजावट कंपनीचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांच्या कन्या एल्सी मॅके यांनी योजली होती. या बाई मोठ्या धाडसी. १९२८ च्या मार्चमध्ये विमानातून अटलांटिक ओलांडायला निघाल्या आणि परतल्याच नाहीत. आपली बोट पाण्यावर तरंगलेली त्यांना पाहायला मिळाली नाही. त्यांनी पहिल्या वर्गाचे धूम्रपानदालन जुन्या स्कॉटिश सरदाराच्या वाड्यासारखे केले होते. वर लाकडी तुळयांचे छत आणि खाली शेकोटी! भोजनदालन अठराव्या शतकातल्या घाटाचे, पोहण्याचा हौद रोमन काळच्या पाँपेई शहराच्या धर्तीचा. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात शेकोटीजवळ बसून कोणाला काय सुख लाभत असेल, हे त्या सरदारांनाच ठाऊक. पण त्या सजावटीचा हेतू उघड होता. आत बसलेल्याला आपण समुद्रावर आहोत याचा विसर पडावा, आणि आपण वाड्याचे धनी आहोत असे वाटावे.

१९३० च्या ऑक्टोबरात याच बोटीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेला गेले. तीनच वर्षांपूर्वी, १९२७ साली, महाडच्या तळ्याचे पाणी पिण्यासाठी त्यांना सत्याग्रह करावा लागला होता. बोटीवर पाण्याचा पेला देताना जात विचारली जात नव्हती. तेथली पंगत तिकिटाची होती.

मात्र स्वयंपाकघराचे दार ढकलून आत डोकवावे, तर जात तेथे दबा धरून बसलेली दिसते. या बोटींवरचे वाढपी, आचारी आणि बटलर बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती. गोमांस, डुकराचे मांस आणि दारू यांचा त्यांना विटाळ नाही, म्हणून ते भोजनदालनात. डेकवरचे खलाशी कोकण-गुजरातच्या किनाऱ्यावरचे, इंजिनाच्या भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण. या खलाशांचे जेवण त्यांचा भंडारी वेगळे रांधी. कंपनीने आपली जुनी उतरंड मोडली नाही, उलट ती कामाला जुंपली. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा, आणि तोही हातात पडण्यापूर्वी भरती करून देणाऱ्या दलालाचे हात ओले करावे लागत. १९३९ साली महायुद्ध पेटले, तेव्हा ठिकठिकाणच्या बंदरांत हिंदी खलाशांनी संप केले, तुरुंगवास सोसला आणि पगारवाढ पदरात पाडून घेतली. दिनकर देसाई यांनी पुढच्याच वर्षी नाविक कामगारांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. हे गृहस्थ कन्नडमध्ये चार ओळींच्या कविता करण्यासाठीही प्रसिद्ध होते.

आता फेररचनेकडे वळू. १९३१ साली त्याच कंपनीने 'स्ट्रॅथनेव्हर' ही पांढरीशुभ्र बोट आणली. तिला तीन धुराडी होती, पण धूर एकातूनच निघे. उरलेली दोन नुसती शोभेची! महायुद्धात तिने सैन्य वाहिले, आणि पुढच्या दुरुस्तीत ती दोन नाटकी धुराडी उतरवली गेली. १९५४ साली त्याहून मोठी गोष्ट घडली. बोटीवरचा पहिला वर्गच रद्द झाला. सुमारे साडेबाराशे उतारू, सगळे एकाच वर्गाचे. अमुक जिना, अमुक डेक, अमुक भोजनदालन वरच्यांचे, हा भेद संपला. कंपनीला समतेचा साक्षात्कार झाला होता, असे मात्र कोणी समजू नये. ऑस्ट्रेलियात वसाहतीला जाणारे हजारो इंग्रज सरकारी मदतीने माणशी दहा पौंडांत निघाले होते. त्यांना न्यायचे तर रिकामे पडणारे पहिल्या वर्गाचे दालन परवडत नव्हते. पंक्तिप्रपंच मोडला तो हिशेबाच्या वहीने.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. १ जून १९३० ला सुरू झालेली आपली दख्खनची राणी पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचीच होती. १ जानेवारी १९४९ ला जुना पहिला वर्ग गेला, आणि तिसऱ्या वर्गाला त्या गाडीत पाऊल ठेवायला जून १९५५ उजाडला. म्हणजे बोटीवरचे आणि घाटातले दार एकाच सुमारास किलकिले झाले. तिच्या भोजनडब्यात पुढे ३२ जणांची सोय होती. २०२२ साली नवे डबे आले, तेव्हा ती ४० जणांची झाली.

१९६१ च्या 'कॅनबेरा' बोटीवर वर्ग दोनच राहिले, पण सरदारी वाडा साफ गेला. ह्यू कॅसन या वास्तुरचनाकाराने साध्या रेषा आणल्या. मद्यगृह वर, पुढच्या बाजूला, मोठ्या काचांचे केले. शेकोटीकडे वळलेल्या खुर्च्या आता समुद्राकडे वळल्या. जुने धूम्रपानदालन पुरुषांची मिरासदारी होती. येथे नवराबायको शेजारी बसू लागली. हा बदल आम्हांला खरा वाटतो, कारण त्यात माणसांची बसण्याची जागा बदलली. तुळया आणि खांब बदलणे ही रंगसफेदी.

वाढणाऱ्याचे काय बदलले? त्याची भरती. १९५४ मध्येच मुंबईत नाविकांचे सरकारी नोकरी-कार्यालय निघाले, आणि नोकरी पाळीने मिळू लागली. तोवर बोटीची वाट पाहत गोव्याचा माणूस मुंबईला धोबीतलावाच्या किंवा माझगावच्या 'कुडात' राही. कूड म्हणजे त्याच्या गावाने चालवलेली वस्ती: भिंतीला लागून पेट्या, एका टोकाला देव्हारा, संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना. चांदीच्या ताटल्या मांडणारा हा माणूस येथे सतरंजीवर निजे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्यात उपाहारगृहासाठी भांडलो होतो. अडीचशेंहून अधिक कामगार असले, तर उपाहारगृहाची सक्ती करता येते, असे १९४८ चा कारखाने कायदा तेव्हा सांगत होता. साहेबांच्या आणि कामगारांच्या जागेमधला पडदा आम्ही काढायला लावला, आणि त्या दिवशी पेढे वाटले. पेढे वाटत वाटत मुदपाकखान्यात गेलो, तर भाकऱ्या थापणाऱ्या बाया चुलीशेजारी उभ्याने जेवत होत्या. त्यांच्यासाठी बाक मागायचे आमच्यापैकी एकालाही सुचले नव्हते. पुढच्या मागणीपत्रात ते कलम घातले. बाक यायला चौदा महिने लागले.